बिबा कोणी लावला

पांढुर्णा
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय आई,

तुझी दोन पत्रं आली आणि दोन्हींना उत्तर गेलं नाही. महालक्ष्म्यांना मी आले नाही, आणि येत नाही हेसुद्धा तुझ्या शेजारच्या उत्तमकाकांना फोन करून कळवलं. तू रागावली असशील. रागावली नसशील तर मला जास्त वाईट वाटेल, कारण मग तू काळजी करत बसली असशील. आम्ही सगळे बरे आहोत. अरविंदची ड्यूटी नेहमीसारखी. वैभवची परीक्षा जवळ आली आहे आणि तो नेहमीसारखाच निवांत आहे. तुझ्या हातची नैवेद्याची आंबील मात्र या वर्षी चुकली. फोन का नाही केला असं तू म्हणशील. पण आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे तू तिकडून 'जेवली का?' विचारणार, आणि मी इकडून काहीही ओरडले तरी 'बरं बरं, ठेवते' म्हणणार. कानाचं मशीन डब्यात आणि डबा कपाटात. जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून रोजची वही लिहायला बसते तशी बसले आहे, फक्त आज समोर तू आहेस.

तुला ठाऊक आहे, कॉलेजात मानसशास्त्र शिकवते त्याशिवाय सौंसरच्या कोर्टातून अधूनमधून नवरा-बायकोच्या भांडणातली प्रकरणं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात. दोघांना भेटायचं, मुलांशी बोलायचं, घरं पाहायची आणि जे दिसलं ते लिहून द्यायचं. निकाल न्यायाधीशच देतात, पण मी लिहिलेलं ते वाचतात. सध्या असंच एक प्रकरण आहे. खरी नावं सांगायची नसतात, म्हणून बदलून लिहिते. मुलगी सहा वर्षांची, तिला चिमी म्हणू. तिची आई सुचिता, पांढुर्ण्यात माहेरी राहते, एका खासगी शाळेत शिकवते. वडील मयूर, लोधीखेड्याकडच्या एका गावात संत्र्याचा बगीचा आणि कापसाची पऱ्हाटी पाहतो. घरात त्याची आई, देवकाबाई. दोन वर्षांपासून नवरा-बायको वेगळे राहतात. चिमी आईजवळ असते आणि सणावाराला वडिलांकडे जाते, असं कोर्टानं ठरवून दिलेलं. आता सुचितानं अर्ज केला आहे की हे जाणं कायमचं बंद करा, त्या घरात माझ्या मुलीचा छळ झाला. छळ झाला की नाही, हे मला लिहून द्यायचं आहे. 'हो' लिहिलं तर चिमीचं ते घर तुटेल. 'नाही' लिहिलं आणि मी चुकत असेन, तर जे झालं ते पुन्हा होईल.

झालं ते असं. पोळ्यासाठी चिमी गावाला गेली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा झाला की संध्याकाळपर्यंत तिला परत आणायचं ठरलं होतं. पण पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे गोटमार, दिवसभर दोन काठांवरून दगडफेक. मयूर म्हणतो, 'मॅडम, रस्ते बंद होते, गाडी आत जाऊच देऊन नव्हते राहिले. पोरीले गोट्यातून आणू का मी?' सुचिता म्हणते, 'गोटमार काय यंदाच सुरू झाली का? आदल्या दिवशी नव्हतं ठाऊक?' दोघांचंही बरोबर आहे. चिमी एक दिवस जास्त राहिली, आणि त्या जास्तीच्या दिवशीच तिच्या पोटात दुखायला लागलं. पुरण, करंज्या, झाडाखालची हिरवी संत्री, सगळं एकदम. ओवा देऊन झाला, पोट शेकून झालं, मुरडा थांबेना, तेव्हा बिबा तापवून त्याच्या तेलाचे ठिपके लावले. बेंबीभोवती, गोल. चिमी पांढुर्ण्याला परत आली तेव्हा ठीक होती. दुसऱ्या दिवशी बिबा उतला. पोटभर पाणी धरलेले फोड, अंगावर लाली, डोळे सुजून बंद, ताप. दवाखाना झाला, फोटो झाले, ठाण्यात तक्रार झाली आणि वकिलानं अर्जात लिहिलं की मुलीला तापलेल्या लोखंडानं डागण्या दिल्या. ते फोटो मी पाहिले आहेत. आई, ते पाहून 'छळ' हाच शब्द मनात येतो, हे मला आधी लिहून ठेवू दे. पुढे मी जे काही म्हणेन त्यात हे विसरायचं नाही.

देवकाबाईंकडे मी त्याच आठवड्यात गेले. अंगणात गळलेल्या हिरव्या संत्र्यांचा ढीग, ओसरीवर चिमीचा लाकडी बैल, शिंगांना बेगड तशीच. मी पक्षकारांच्या घरी पाणीसुद्धा घेत नाही हा माझा नियम तुला माहीत आहे, आणि तुला तो मुळीच आवडत नाही. देवकाबाईंनाही आवडला नाही. 'चहानं का निकाल फिरते बाई? साखर कमी टाकतो पाह्यजे तं.' मी नाहीच म्हटलं. मग बिब्याचं विचारलं. त्यांनी एका दमात सांगितलं, 'म्याच लावला. कोनी सांगतलं नाही, कोनी संगं नव्हतं. लेकरू पोटाशी पाय घेऊन लोळून राहिलं होतं, तं मी काय पाहत बसू? मयूरले लहानपनी लावला होता, त्याले काई झालं का?' मी विचारलं, पोरगी रडली का. म्हणाल्या, 'औषधाले कोनतं लेकरू हासते?' मयूर दाराला टेकून उभा होता. 'आई म्हणते तसंच' एवढंच बोलला आणि पायानं माती उकरत राहिला. मला वाटलं, हा आईला भितो. वहीत तसं लिहूनही ठेवलं. माणसांचे चेहरे वाचण्याचं शिक्षण घेतलेली मी, आणि मला हे दिसलं!

सुचिताकडे गेले तेव्हा ती चिमीला मलम लावत होती. चिमी फ्रॉक वर धरून उभी, चेहऱ्यावर एवढा समजूतदारपणा की बघवेना. आणि फोडांच्या वरच्या अंगाला, बरगडीखाली, मला जुने फिकट ठिपके दिसले. मी पाहत राहिले. सुचितानं ते पाहिलं. 'ती चार महिन्यांची होती मॅडम. रात्र रात्र रडून राहिली होती. माझ्या आईनं लावला.' आणि मग घाईघाईनं, 'ते वेगळं होतं. ते आईनं केलं होतं.' तुला खरं सांगते, मला ते तिथल्या तिथे पटलं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर लक्षात आलं की देवकाबाईही कुणाची तरी आईच आहे. तरी सुचिता खोटं बोलत नव्हती. निघताना ती म्हणाली, 'एक फोन तरी करायचा होता मला. माझ्या पोरीच्या पोटावर काय लावावं हे मला विचारायचं नाही? ती काय त्यांच्या घरची परात आहे, आली की घासली?' 

त्याच दिवसांत वर्गात पालकत्वाचा धडा चालू होता. फळ्यावर मी नेहमी तीन प्रश्न लिहिते: काय केलं, का केलं, मुलाचं काय झालं. लिहिता लिहिता मागे वळून विचारलं, तुमच्यापैकी कुणाकुणाच्या पोटावर बिब्याचे डाग आहेत? आधी खसखस पिकली, मग एकेक हात वर यायला लागला, आणि बघता बघता अर्ध्याहून जास्त वर्ग. पूनम नावाची एक चुणचुणीत मुलगी उठून म्हणाली, 'मॅडम, मग आमच्या आया आमचा छळ करून राहिल्या होत्या का?' मागून कुणीतरी, 'तुझी तं अजूनही करते, रोज कॉलेजात पाठवून.' सगळे हसले, मीही हसले. मग पूनमनंच विचारलं, 'मॅडम, तुमच्या पोटावर आहेत का?' मी 'पुढचा मुद्दा' म्हणून फळ्याकडे वळले. आहेत, एवढं सांगायला काय झालं होतं? तुझ्या हातचे आहेत, आणि या वयापर्यंत मी त्यांच्याकडे कधी जखम म्हणून पाहिलं नाही. पाहिलं तर तू आठवतेस, तुझ्या पातळाचा वास आठवतो. पण मग हेही मनात येतं की मला दुसरं काही आठवायला परवानगीच कुठे होती? हे लिहून मी खोडणार होते. राहू देते.

पुस्तकं काढली, जुनी टिपणं काढली. गोंधळ वाढलाच. काही अभ्यासक म्हणतात, हेतू विचारू नका, मुलानं काय सोसलं ते विचारा. कारण मारणारा प्रत्येक माणूस भल्यासाठीच मारलं असं म्हणतो. हे मला पटतं. दुसरे म्हणतात, जिथे एखादी गोष्ट सगळेच काळजीपोटी करतात तिथे मूलही तिला काळजी म्हणूनच घेतं, ती मनात सल होऊन राहत नाही. हेही पटतं, माझं स्वतःचं पोट त्याला साक्षी आहे. आणि आईवडिलांचं न संपणारं भांडण मुलांना आतून पोखरतं, याबद्दल तर कुणाचंच दुमत नाही. मग चिमीचे फोड बरे झाल्यावर तिला जे दुखत राहील ते कुणाच्या नावावर लिहायचं? वर्गात 'दोन्ही बाजू आहेत' असं म्हणून तास संपवता येतो. कोर्टाच्या कागदावर तसं चालत नाही. हिंदीत प्रतिवेदन लिहायला बसते, 'बालिका के साथ' इथपर्यंत येते आणि पेन ठेवून गॅसवर चहा ठेवते.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी चिमीला एकटीला भेटले, कॉलेजातल्या माझ्या खोलीत. सुचिता बाहेर बाकावर. मुलांना मी लगेच काही विचारत नाही. रंग दिले की ती आपली आपण बोलायला लागतात. ती बैल रंगवत होती आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती, बे एके बे, बे दुणे चार. ती इंग्रजी शाळेत जाते. मी म्हटलं, अगं वा, हे कुणी शिकवलं? 'सौंसरच्या आजीनं.' तुझी आजी तर गावाला असते ना? 'ती नाही. दुसरी, झोपाळ्यावाली. पप्पाच्या शाळेतली बाई. तिनंच तर पोटाला औषध लावलं.' आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. बे साती चौदा आलं की थांबायची आणि परत बे एके बे. मी विचारलं, पुढचं येत नाही का? चिमी बैलाच्या डोळ्यात रंग भरत म्हणाली, 'पुढे चटका आहे.'

आई, मी नावं बदलली तरी तू केव्हाच ओळखलं असशील. मुलाला बेचा पाढा म्हणायला लावून आठीला बिबा टेकवणारं माणूस आपल्या भागात एकच आहे. मूल आकड्यांत गुंततं, भीती विसरतं, असं तू म्हणायचीस. मीही तुझ्या मांडीवर बे आठी सोळा ऐकलं आहे. बाईंच्या हाताचा बिबा उतत नाही म्हणून लोक सौंसरच्याच नाही, दूरदूरच्या गावांतून तुझ्या झोपाळ्यापाशी लेकरं घेऊन येतात, आणि तू कुणाकडून काही घेत नाहीस. चिमीला तो उतला. डॉक्टर म्हणाले, आधी एकदा लावलेला असला की अंगाला त्याचं वावडं बसू शकतं, दुसऱ्या वेळी असं होतं. म्हणजे तुझा हात चुकला नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहिते. मग मी तिला विचारलं, तू रडलीस का गं? ती म्हणाली, 'मी नको नको म्हणत होते. जोरात. पण त्या आजीला ऐकू येत नाही ना. तिला वाटलं मी पाढा म्हणून राहिले. ती म्हणाली, शाबास.'

हे वाक्य तुला सांगावं की नाही, या विचारात इतके दिवस गेले. त्या दिवशी घरी आले, महालक्ष्म्यांना न्यायची साडी काढून ठेवली होती ती परत कपाटात ठेवली आणि उत्तमकाकांना फोन केला. तुझ्यासमोर बसून मला पुरण खाता आलं नसतं. तू काय केलंस, का केलंस आणि मुलीचं काय झालं, तिन्हींची उत्तरं मला माहीत आहेत आणि तिन्ही एकमेकांशी बोलायला तयार नाहीत. तू तिला ऐकलं असतंस तर हात मागे घेतला असतास, याची मला खात्री आहे. खात्री आहे का? तू माझं ऐकून तो मागे घेतला होतास का? मला आठवत नाही. आणि ज्यांना ऐकू येत होतं ते दोघं मायलेक तर तिथेच होते.

मागच्या रविवारी मी पुन्हा देवकाबाईंकडे गेले. सरळ विचारलं, मीच लावला असं का सांगितलं? त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. 'तुमची माय हाये, हे मले मालूम नसंल का? थोबाड तेच तं हाये.' मग म्हणाल्या, 'बाईनं माह्या पोराले घरून बोलावून नेऊन शिकवलं. मी म्हनत होती ढोरामांगं पाठवतो, तं मलेच रागावली. तिचं नाव पोलिसांत देऊ म्या? लोकं थुकतीन मले.' मी म्हटलं, अशानं तुमची नात तुमच्याकडे येणं बंद होईल. त्या म्हणाल्या, 'तं तुमीच सांगा. तुमी शिकल्या-सवरल्या. नातीले सोडू का बाईले?' या वेळी त्यांनी चहाचं विचारलंच नाही. मयूर मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. तो आईला भीत नव्हता, आई. तो तुला जपत होता.

म्हणजे आज कोर्टाच्या कागदांत बिबा लावणारी देवकाबाई आहे, तिचं खोटं अजून कुणाला कळलेलं नाही, आणि मी गप्प राहिले तर तुझं नाव कधीच येणार नाही. त्यांची नात जाईल. मी मनाला समजावून पाहिलं की तुझं वय, तुझे कान, तुझी इतक्या वर्षांची सौंसरमधली इज्जत. एका मुलीचं पोट तर बरं होतच आलं आहे. असं समजावणाऱ्या किती जणींना मी समोर बसवून खोडून काढलं आहे! मग उलटही समजावलं, की मी खरं सांगणार म्हणजे कोण मोठी लागून गेले? आईचं नाव देऊन मला स्वतःच्या नजरेत नीट राहायचं आहे, एवढंच तर नाही ना हे? कळतं ते इतकंच की त्या मुलीनं 'नको' म्हटलं होतं. ते कुणीतरी ऐकून घ्यायला हवं, आणि ऐकणारं माणूस तुझी मुलगी असू नये.

म्हणून उद्या मी सौंसरला येणार आहे आणि घरी न येता परत जाणार आहे. न्यायाधीशांना लिहून देईन की या प्रकरणात माझं नातं निघालं आहे, मला यातून मोकळं करा, दुसऱ्या कुणाला नेमा. मुलीनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत जोडेन. आणि बिबा लावणाऱ्या बाईंचं नाव विजयमाला, निवृत्त शिक्षिका, माझी आई, असं लिहीन. तुला आधी सांगितलं असतं तर तू उतलेल्या बिब्यावर लावायला वाटीत खोबरेल घेऊन थेट त्या पोरीच्या दारात जाऊन उभी राहिली असतीस, आणि तुला तिथून हलवणं ना मला जमलं असतं ना कोर्टाला. शिवाय तुझ्या तोंडाकडे पाहून माझ्या हातून अर्ज गेलाच नसता. तेव्हा अर्जावर शिक्का पडल्यानंतरच हे पत्र पेटीत पडेल. तू हे वाचत आहेस म्हणजे ते झालेलं आहे. कुणीतरी तुला विचारायला येईल. काय सांगायचं ते मी लिहिणार नाही, मनात कितीही आलं तरी. त्या दिवशी तुझ्याजवळ बसायला मला यायचं आहे, कोर्टाकडून नाही, अशीच. पण तू बोलावलंस तरच येईन. नाही बोलावलंस तर मी समजेन, असं लिहायला हवं. समजेन की नाही ते मला माहीत नाही.

तुझीच,
नलू

(वहीची सवय, खाली उद्याचं काम लिहिलं गेलं.) उद्या : कोर्टात अर्ज देणे.